आलेल्या पत्राचं पुढे काय होतं? संयुक्त राष्ट्रांच्या सदस्य-देशांना खुलं पत्र

प्रति,
संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतील सर्व 193 सदस्य-देशांचे प्रतिनिधी

विषय: मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेकडे येणाऱ्या तक्रारी आणि त्यांना लागणारी दाद

महोदया, महोदय,

1947 च्या सुरुवातीला न्यूयॉर्कजवळ लेक सक्सेस इथे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाची पहिली बैठक भरली. महायुद्ध संपून दोन वर्षंही झाली नव्हती. नवी जागतिक संस्था निघाली आहे हे ऐकून लोकांनी आपापली गाऱ्हाणी लिहून पाठवायला सुरुवात केली होती. त्या पत्रांचं काय करायचं, यावर आयोगाने निर्णय घेतला: मानवी हक्कांच्या कुठल्याही तक्रारीवर कसलीही कारवाई करण्याचा आपल्याला अधिकार नाही. पत्रांची यादी करायची आणि ती गोपनीय ठेवायची. हा नियम वीस वर्षं टिकला. 10 डिसेंबर 1948 ला पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा मंजूर झाला, 48 मतं बाजूने, 8 तटस्थ, विरोधात एकही नाही. तो वाचून दुसऱ्या दिवशी कुणी पत्र लिहिलं असतं, तरी ते त्याच गोपनीय यादीत गेलं असतं.

मी हे तुम्हाला सांगते आहे, कारण मला विचारायचं आहे ते त्या पत्रांबद्दलच. आज त्यांचं काय होतं?

माझं काम अनुवादाचं. या यंत्रणेतून निघणारे ठराव, समित्यांचे निष्कर्ष, अहवाल मी मराठीत आणते. तुमची भाषा रोज माझ्या हाताखालून जाते आणि काही शब्द पुढे जाऊ देत नाहीत. साधारण साडेचार-पाच वर्षांतून एकदा प्रत्येक देशाचा मानवी हक्कांबाबतचा आढावा जिनिव्हात घेतला जातो. साडेतीन तासांची बैठक, बोलणारे देश अनेक, त्यामुळे एकेकाच्या वाट्याला जेमतेम एक-दोन मिनिटं येतात. इतर देश शिफारशी करतात आणि ज्याचा आढावा चालू आहे तो देश प्रत्येक शिफारशीवर आपली भूमिका नोंदवतो: एक तर ‘पाठिंबा’, नाही तर ‘दखल घेतली’. मराठीत दखल घेणं हा वजनदार शब्दप्रयोग आहे. न्यायालयाने दखल घेतली म्हणजे आता काही तरी हालचाल होणार, असं आम्ही समजतो. जिनिव्हातल्या ‘दखल घेतली’चा अर्थ मात्र शिफारस मान्य नाही असा आहे. पहिल्यांदा हा शब्द समोर आला तेव्हा मी अर्धा दिवस त्यावर अडून बसले. शब्दाला शब्द ठेवला तर वाचकाची फसवणूक होते. शेवटी मी ‘मान्य केली नाही’ असं लिहिलं आणि पुढे गेले. पण तेव्हापासून मनात एक गोष्ट पक्की बसली. नाही म्हणायची जबाबदारी टळावी, अशी सोय या यंत्रणेत जागोजागी करून ठेवलेली आहे, आणि सुधारणा करायची तर ती तिथून करायला हवी.

ही यंत्रणा काय करू शकते, हेही मी वाचलेलं आहे. कॅनडातल्या मलिसीट समाजाच्या सँड्रा लव्हलेस यांनी समाजाबाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं. तिथल्या कायद्यानुसार त्यामुळे त्यांची मूलनिवासी म्हणून असलेली कायदेशीर ओळखच गेली. पुरुषाने बाहेर लग्न केलं तर त्याचं काही जात नव्हतं. लग्न मोडल्यावर त्या परतल्या, तर आपल्याच लोकांच्या राखीव भूमीवर राहण्याचा हक्क उरलेला नव्हता. डिसेंबर 1977 मध्ये त्यांनी नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारावर लक्ष ठेवणाऱ्या मानवी हक्क समितीकडे तक्रार केली. जुलै 1981 मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिलं. 1985 मध्ये कॅनडाने कायदा बदलला आणि हजारो बायकांना हिरावलेली ओळख परत मिळण्याची वाट मोकळी झाली. 18 तज्ज्ञांची ही समिती. तिच्याकडे पोलीस नाहीत, तुरुंग नाही, दंड वसूल करायचा अधिकार नाही. एका बाईचं पत्र नीट वाचलं गेलं आणि एका सरकारने ते मत मनावर घेतलं, एवढ्यावर हे घडलं.

आता दुसरं पत्र. एप्रिल 2011 मध्ये बेलारूसच्या राजधानीत, मिन्स्कच्या मेट्रोत स्फोट झाला, माणसं मेली. दोन तरुणांना मृत्युदंड सुनावण्यात आला. त्यांपैकी एकाच्या आईने आणि बहिणीने याच समितीकडे धाव घेतली. त्याच्याकडून बळजबरीने कबुली घेतली, खटला नीट चालला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. समितीने बेलारूसला कळवलं की प्रकरण आमच्यापुढे आहे तोवर शिक्षा अमलात आणू नका. मार्च 2012 मध्ये ती अमलात आणली गेली. आईला ते कळलं सर्वोच्च न्यायालयाकडून आलेल्या पत्रातून. मृतदेह मिळाला नाही. तिथे तो कुटुंबाला देतच नाहीत, कुठे पुरला तेही सांगत नाहीत. ऑक्टोबर 2012 मध्ये समितीने निष्कर्ष दिला की त्या तरुणाच्या जगण्याच्या हक्काचं उल्लंघन झालं आणि त्याच्यावरचा खटला न्याय्य नव्हता.

त्या घरात आलेल्या कागदांचा विचार करा. एक कागद सांगतो की जगातल्या सर्वांत मोठ्या संस्थेच्या समितीने ‘थांबा’ म्हटलं आहे. दुसरा सांगतो की झालं. तिसरा, सात महिन्यांनी, सांगतो की तुमचं म्हणणं बरोबर होतं. पुढे 2022 मध्ये बेलारूसने व्यक्तिगत तक्रारींची मुभा देणाऱ्या प्रोटोकॉलमधूनच, म्हणजे पूरक करारातूनच, अंग काढून घेतलं, आणि फेब्रुवारी 2023 पासून तिथल्या माणसाला या समितीकडे नवी तक्रार नेण्याचा मार्ग उरलेला नाही.

इथे माझी पहिली मागणी आहे आणि तिच्यासाठी तुम्हाला नवा करार करावा लागणार नाही. एप्रिल 2022 मध्ये तुम्हीच एक चांगला ठराव केला. सुरक्षा परिषदेत कुणी नकाराधिकार वापरला की दहा कामकाजाच्या दिवसांत आमसभा भरते, त्यावर चर्चा होते आणि नकार देणाऱ्याला बोलण्यासाठी बोलावलं जातं. नकार त्याने रद्द होत नाही, पण त्याचं समर्थन सगळ्यांसमोर उभं राहून करण्याची वेळ येते. हाच नियम समितीच्या ‘थांबा’ला लावा. एखाद्या देशाने तो धुडकावून माणसाचा जीव घेतला किंवा त्याला छळाच्या तोंडी परत पाठवलं, तर दहा दिवसांत त्या देशाच्या प्रतिनिधीने आमसभेपुढे येऊन कारण सांगावं. समितीच्या वार्षिक अहवालातल्या एका परिच्छेदावर ते भागू नये.

आता वाट पाहण्याबद्दल, कारण बहुतेकांच्या वाट्याला तीच येते. वेगवेगळ्या करार-समित्यांपुढे, म्हणजे एकेका मानवी हक्क करारावर लक्ष ठेवणाऱ्या समित्यांपुढे, हजाराहून अधिक व्यक्तिगत तक्रारी पडून आहेत. निकाल लागायला कैक वर्षं जातात, आणि तेवढ्यात तक्रारदार तुरुंगात म्हातारा होतो किंवा तक्रारीचा विषयच संपून जातो. देशांचे ठरल्या वेळी यायचे अहवालही मोठ्या संख्येने थकलेले आहेत. सगळ्यांनी वेळेवर दिले असते, तर ते वाचायला समित्यांकडे माणसं नव्हती. आणि माणसं का नाहीत, तर पैसे नाहीत. संयुक्त राष्ट्रांचं काम शांतता, विकास आणि मानवी हक्क या तीन खांबांवर उभं आहे, असं तुमच्याच कागदांत लिहिलेलं असतं. 2025 चा नियमित अर्थसंकल्प साधारण 3.7 अब्ज डॉलरचा होता. तिसऱ्या खांबाच्या वाट्याला त्यातले पाच टक्क्यांच्या आसपास येतात. उरलेलं काम मानवी हक्क उच्चायुक्तांचं कार्यालय देणग्यांवर भागवतं. त्यातच मोठमोठे देश वर्गणी उशिरा भरतात किंवा थकवतात. त्यामुळे 2025 मध्ये समित्यांची ठरलेली काही सत्रं रद्द करावी लागली. सत्र रद्द झालं की त्या सत्रात निकाल लागणार होता ती पत्रं पुढच्या वर्षावर जातात. खर्च कमी करण्यासाठी सध्या तुमची पुनर्रचनेची मोहीम चालू आहे. तिच्यात सगळ्या खांबांना सारखी कात्री लावणं वरवर न्याय्य दिसतं. पण जाड खांबाची साल जाते तेवढ्यात बारीक खांब तुटतो.

वाट कमी करता येते, हे युरोपने करून दाखवलं आहे. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापुढे 2011 च्या अखेरीस दीड लाखांहून अधिक अर्ज प्रलंबित होते. त्याच्या आदल्या वर्षी एक नवा प्रोटोकॉल लागू झाला होता. उघडपणे न टिकणारे अर्ज एकच न्यायाधीश निकाली काढू लागला, एकसारखी प्रकरणं एकत्र घेतली जाऊ लागली, आणि 2017 च्या अखेरीस आकडा साठ हजारांच्या खाली आला. त्या पद्धतीवर टीका झाली आणि काही टीका मला रास्त वाटते, कारण कारण न सांगता फेटाळलेला अर्ज हीसुद्धा एक जखमच असते. तरीही मन लावून हात घातला की ढीग कमी होतो, एवढं त्यातून दिसतं.

भाषेबद्दल मला जास्त बोलायचं आहे, ते माझं क्षेत्र आहे. वैश्विक जाहीरनामा 500 हून अधिक भाषांत गेला आहे. जगात इतक्या भाषांत गेलेला दुसरा दस्तऐवज नाही, अशी त्याची नोंद आहे आणि मला त्याचा खरोखर अभिमान वाटतो. पण तो वाचून ज्याच्या मनात आपला हक्क मागण्याचं येतं, त्याने तक्रार कुठल्या भाषेत करायची? संयुक्त राष्ट्रांच्या मोजक्या भाषांपैकी एकीत. हक्क 500 भाषांत सांगायचा आणि गाऱ्हाणं बोटांवर मोजण्याइतक्या भाषांत ऐकायचं, याला काय म्हणावं? सक्तीने बेपत्ता केलेल्यांविषयीचा कार्यगट 1980 पासून काम करतो आहे. त्याने आजवर साठ हजारांहून अधिक प्रकरणं शंभराहून अधिक देशांच्या सरकारांपुढे मांडली, आणि त्यांतली बहुसंख्य अजून उघडीच आहेत. त्या कार्यगटाला लागणारी माहिती मी मराठीत उतरवली आहे. माणसाचं पूर्ण नाव. कुठल्या तारखेला नेलं. शेवटचं कुठे दिसलं. कुणी नेलं असं वाटतं. कुटुंबाने शोधासाठी काय केलं. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला एखाद्या आईला चार पानं लागतील, आणि ती चार पानं तिला परक्या भाषेत लिहायची आहेत. मधे कुणी तरी अनुवादक लागतो. तो मिळाला तर तिचं दुःख जिनिव्हाला पोचतं, नाही तर तिच्या गावातच राहतं. यंत्राने अनुवाद करण्याची साधनं आज इतकी पुढे गेली आहेत की कुठल्याही भाषेतली तक्रार निदान दाखल करून घेणं अवघड राहिलेलं नाही. नीट अनुवाद माणसाकडून मागाहून करता येईल. दाराशी तरी कुणाला भाषेवरून अडवू नका.

आणि जे दारापर्यंत पोचतात, त्यांचं काय होतं? सप्टेंबर 2013 मध्ये चीनच्या मानवी हक्क कार्यकर्त्या त्साओ शुनली जिनिव्हाला निघाल्या होत्या. चीनचा आढावा जवळ आला होता आणि त्यासाठीचा सरकारी अहवाल तयार करताना नागरिकांचंही ऐका, अशी त्यांची मागणी होती. बीजिंगच्या विमानतळावर त्यांना अडवलं, ताब्यात घेतलं. कोठडीत प्रकृती ढासळत गेली आणि 14 मार्च 2014 ला रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मानवी हक्क परिषदेत चीनच्या आढाव्याचा विषय आला. एका स्वयंसेवी संस्थेच्या प्रतिनिधीने बोलण्याच्या आपल्या वेळात त्साओ यांच्यासाठी काही क्षण शांतता पाळूया असं म्हटलं. चीनने हरकत घेतली आणि बोलण्याच्या वेळात गप्प राहता येतं का, यावर वाद झडला. परिषदेने शांतता पाळू दिली नाही. तेव्हा सभागृहातल्या कार्यकर्त्यांनी उठून त्यांचं छायाचित्र हातात धरलं आणि ते मुकाट उभे राहिले.

या प्रसंगाचं टिपण पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी काम थांबवलं होतं. महासचिव आता दरवर्षी अशा सूडाच्या प्रकरणांचा अहवाल काढतात, त्यात देशांची नावं असतात, आणि हे चांगलंच आहे. पण ज्या देशाचं नाव त्या अहवालात लागोपाठ येतं, तो त्याच परिषदेवर निवडूनही येतो. माझी मागणी साधी आहे. सूडाच्या प्रकरणाची समाधानकारक चौकशी झाल्याशिवाय त्या देशाला परिषदेच्या निवडणुकीला उभं राहता येऊ नये.

दार अडवण्याचा दुसरा प्रकार सभ्य आहे, म्हणून तो दिसत नाही. स्वयंसेवी संस्थांना संयुक्त राष्ट्रांत बोलायची मुभा द्यायची की नाही, हे आधी 19 देशांची एक समिती बघते. तिथे नकार द्यावाच लागत नाही. प्रश्न विचारायचा, उत्तर आलं की पुढच्या बैठकीत दुसरा प्रश्न विचारायचा, की अर्ज आपोआप पुढे ढकलला जातो. जातीवरून होणाऱ्या भेदभावावर काम करणाऱ्या इंटरनॅशनल दलित सॉलिडॅरिटी नेटवर्क या संस्थेचा अर्ज 2008 पासून असा लोंबकळत होता. शंभराहून अधिक प्रश्न विचारले गेले आणि ते विचारणारा देश माझा, भारत, होता. डिसेंबर 2022 मध्ये आर्थिक आणि सामाजिक परिषदेने मतदान करून ती मुभा दिली. चौदा वर्षं! हे लिहिताना मला लाज वाटते, आणि ती लपवायची मला गरज वाटत नाही. माझ्या देशाने छळविरोधी करारावर 1997 मध्ये सही केली, अजून तो मंजूर केलेला नाही. तेव्हा हे पत्र फक्त दूरच्या सरकारांना आहे, असं कुणी समजू नये. अर्जाला जास्तीत जास्त दोन वर्षांची मुदत घाला. तेवढ्यात समितीने हो किंवा नाही म्हणावं, न म्हटल्यास अर्ज आपोआप वरच्या परिषदेपुढे मतदानाला जावा.

मानवी हक्क परिषदेच्या निवडणुकीबद्दल थोडक्यात सांगते. जुना आयोग बदनाम झाला म्हणून मार्च 2006 मध्ये तुम्ही 47 सदस्यांची ही परिषद उभी केली. मानवी हक्कांसाठी उमेदवाराचं काम काय, ते पाहून मत द्यायचं ठरलं. मग पाहा: 2021 मध्ये 18 जागांसाठी 18 उमेदवार होते. प्रादेशिक गट आपसांत वाटून घेतात आणि मतदान नावापुरतं उरतं. जिथे चुरस झाली तिथे वेगळं घडलं. 2020 मध्ये आशिया-पॅसिफिक गटात एक उमेदवार जास्त होता, तर सौदी अरेबिया हरला. 2023 मध्ये पूर्व युरोपच्या गटात रशिया हरला. म्हणजे तुमच्यातले बरेच जण गुप्त मतदानात योग्य तेच करतात, फक्त निवड करायला जागा लागते. तेव्हा जागांपेक्षा किमान एक उमेदवार जास्त असल्याशिवाय कुठल्याही गटाची निवडणूक घेऊ नका.

सुरक्षा परिषदेच्या नकाराधिकारावर मी फार लिहीत नाही, तो विषय तुम्हाला पाठ आहे. 22 मे 2014 ला सीरियाचं प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे पाठवण्याचा ठराव रशिया आणि चीनने अडवला. पण डिसेंबर 2016 मध्ये आमसभेने पुरावे गोळा करून जपणारी स्वतंत्र यंत्रणा उभी केली. अडलेल्या वाटेला तुम्हीच पायवाट काढलीत. पुढे म्यानमारसाठी तशीच यंत्रणा मानवी हक्क परिषदेने उभारली. दर वेळी नवी यंत्रणा शून्यातून उभी करण्यापेक्षा एक कायमस्वरूपी ठेवा. पुरावा आपल्यासाठी थांबत नाही.

हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ आहे, असं काही सभागृहांत अजून बोललं जातं. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सगळे पुरुष’ अशा अर्थाचा जुना शब्दप्रयोग होता. तो बदलून ‘सगळी माणसं’ करायला लावणाऱ्या हंसा मेहता भारतीय होत्या. वंशभेदाविरुद्धचा करार 1965 मध्ये, नागरी-राजकीय आणि आर्थिक-सामाजिक हक्कांच्या दोन्ही मोठ्या करारांच्या वर्षभर आधी झाला, तो नव्याने स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी आणि आशियाई देशांनी रेटा लावला म्हणून. त्यातच व्यक्तिगत तक्रारीची तरतूद होती. लॅटिन अमेरिकेच्या लोकांसाठी कोस्टा रिकातल्या सान होसेला मानवी हक्क न्यायालय आहे, आफ्रिकेचं टांझानियातल्या अरुशाला आहे. आशियात जगातली निम्म्याहून अधिक माणसं राहतात, आणि त्यांच्यासाठी असं एकही न्यायालय नाही. आग्नेय आशियाचा 2009 चा आयोग आहे, पण माणसाची तक्रार घेऊन निकाल द्यायचा अधिकार त्याला दिलेला नाही. म्हणजे आशियाच्या बहुतेक भागात देशातली न्यायालयं संपली की पुढे फक्त जिनिव्हा उरतं, आणि आपल्या देशाने तेवढी मुभा दिली असेल तरच. या खंडातल्या सरकारांनी हे पाश्चात्त्यांवर ढकलू नये.

जाहीरनाम्याचं 28 वं कलम फार कुणी उद्धृत करत नाही. या जाहीरनाम्यातले हक्क पूर्णपणे प्रत्यक्षात येतील अशी सामाजिक आणि आंतरराष्ट्रीय व्यवस्था मिळण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, असं ते सांगतं. म्हणजे तुमची यंत्रणा नीट चालणं हाच तक्रार करणाऱ्याचा हक्क आहे. ती चालवून तुम्ही कुणावर मेहेरबानी करत नाही.

तेव्हा सुरुवात पत्रापासून करा. जगातल्या कुठल्याही भाषेत आलेल्या प्रत्येक तक्रारीला पोच द्या. त्या पोचवर, निकाल कधीपर्यंत लागेल याची तारीख लिहा. ती टळली तर का टळली, हे सांगणारं दुसरं पत्र पाठवा. यासाठी किती माणसं आणि किती पैसे लागतील याचा हिशेब उच्चायुक्तांकडून मागवा आणि पुढच्या अर्थसंकल्पात तेवढी रक्कम घाला.

माझ्या या पत्राला उत्तर द्यायचं कुणी मनावर घेतलंच, तर कृपा करून ‘दखल घेतली’ असं लिहू नका. मान्य असेल तर मान्य लिहा, नसेल तर मान्य नाही असं लिहा. मी ते जसंच्या तसं मराठीत उतरवीन.

आपली विश्वासू,
एक अनुवादक